टॉनव्हनाय: तोफांच्या सरावाची छावणी आणि १९७२चा हिवाळा

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, कार्डिगनच्या उपसागराला अगदी लागून, टॉनव्हनाय नावाचा रेल्वे थांबा आहे. इथे गाडी आपणहून थांबत नाही. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगावं लागतं, चढायचं असेल तर फलाटावर उभं राहून हात दाखवावा लागतो. थांब्याजवळ वस्ती म्हणावी अशी नाहीच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि जुनी दगडखाण, आणि मधल्या सपाट पट्ट्यात छप्पर उडालेल्या भिंती आणि काँक्रीटचे चौथरे.

हे अवशेष आहेत दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांच्या सराव-छावणीचे. अशा छावण्या ब्रिटनच्या किनाऱ्यावर बऱ्याच होत्या आणि त्यांतल्या बहुतेक आज कुणाला आठवत नाहीत. मी टॉनव्हनाय निवडलं, कारण युद्ध संपून पाव शतक उलटल्यावर याच बराकींत युगांडातून हाकललेली आशियाई कुटुंबं येऊन राहिली. त्यांतली बहुसंख्य गुजराती. युगांडा सोडावा लागलेल्यांत गोव्याहून पूर्वी तिकडे गेलेली कुटुंबंही होती. म्हणजे वारशाच्या दृष्टीने या जागेवर दोन वेगळे हक्क आहेत. तोफखान्याचा इतिहास सांगणारे एक गोष्ट सांगतात, स्थलांतराचा इतिहास सांगणारे दुसरी, आणि दोघांच्या पायाखाली काँक्रीट मात्र एकच आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या तर जागेचा वारसा अर्धाच उरतो, असं माझं ठाम मत आहे. पुढचं लेखन त्या मताच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो.

तोफा समुद्राकडे तोंड करून का

विमानावर तोफ डागायला शिकवायचं तर ती मैदानात शिकवता येत नाही. वर गेलेला गोळा हवेत फुटतो आणि त्याचे तुकडे खाली पडतात. न फुटलेला गोळा तर अख्खाच खाली येतो. म्हणून १९३०च्या दशकात हवाई हल्ल्याची भीती वाढू लागली, तसा ब्रिटिश सैन्याने सरावासाठी किनारा धरला. नॉरफोकमध्ये वेबर्न आणि स्टिफकी, सॉमरसेटमध्ये डॉनिफर्ड, वेल्समध्ये मॅनोर्बीर, अबरपोर्थ, अँगलसी बेटावर टी क्रोइस, आणि या रांगेत टॉनव्हनाय. ही छावणी महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास उभी राहिली.

जागेची निवड नकाशा पाहिला की पटते. पश्चिमेला मोकळा उपसागर. किनाऱ्याला चिकटून रेल्वे, त्यामुळे माणसं, दारूगोळा आणि तोफा थेट छावणीच्या दारात. दक्षिणेला दसन्नी नदी ओलांडली की टविन हे छोटं गाव, आणि गावाजवळच्या सपाट माळावर १९४०मध्ये सुरू झालेलं हवाई दलाचं मैदान. त्या मैदानाचं मुख्य काम एकच होतं: तोफखान्यासाठी लक्ष्य ओढून नेणारी विमानं उडवणं.

हे काम कसं चालायचं, ते सविस्तर सांगायला हवं, कारण पडक्या भिंतींतून ते आता दिसत नाही.

त्या काळातली मुख्य जड विमानविरोधी तोफ ३.७ इंची होती. तिचा गोळा साधारण १२-१३ किलोचा. तो नळीतून सेकंदाला जवळपास ८०० मीटर वेगाने सुटे, तरी उंचावरच्या विमानापर्यंत पोचायला त्याला पंधरा-वीस सेकंद लागत. ताशी ४०० किलोमीटर वेगाने जाणारं बॉम्बफेकी विमान वीस सेकंदांत दोन किलोमीटरांहून अधिक पुढे सरकलेलं असतं. म्हणजे विमान दिसतं तिथे नेम धरून काहीच उपयोग नाही. ते जिथे असेल तिथे, त्या उंचीवर, नेमक्या त्या क्षणी गोळा फुटायला हवा. आणि गोळा कधी फुटायचा ते तोफेत भरण्याआधीच त्याच्या टोकावरच्या फ्यूजमध्ये सेकंदांच्या हिशेबात बसवावं लागे.

हे गणित एकट्या माणसाच्या डोक्याचं नव्हतं. एक तुकडी लांबलचक दुर्बिणीसारख्या यंत्राने विमानाची उंची मोजे. दुसरी तुकडी प्रेडिक्टर नावाच्या पेटीभोवती उभी राहून चाकं फिरवत विमानाचा माग धरे. ते दातेरी चाकांचं यांत्रिक गणकयंत्रच होतं. त्यातून निघालेली दिशा, कोन आणि फ्यूजची वेळ तोफांकडे जाई. तिथले जवान तोफ त्या आकड्यांवर फिरवत, फ्यूज बसवत, गोळा भरत आणि डागत. पुढे रडार आलं आणि ढगात किंवा रात्री न दिसणारं विमानही या साखळीत पकडता येऊ लागलं. साखळीतल्या एकाने चाक अडखळत फिरवलं तरी गोळा शेकडो मीटर भलतीकडे फुटायचा. म्हणून सराव खरा कशाचा होता, तर अनेक माणसांनी एका लयीत काम करण्याचा.

लक्ष्य म्हणजे कापडाची लांब नळी. टविनच्या मैदानावरून हॉकर हेन्ली जातीची विमानं उडत, मागे लांब दोरावर ही नळी ओढत आणि छावणीसमोरून समुद्रावर येरझाऱ्या घालत. तोफा त्या नळीवर चालत. त्या वैमानिकांचं काम इतिहासात फारसं कुणी नोंदवत नाही. शिकाऊ गोलंदाज आपल्या मागे काही अंतरावरच्या कापडावर नेम धरतायत, हे माहीत असताना रोज ठरल्या वेगाने, ठरल्या उंचीवर सरळ उडत राहायचं होतं. काही किनाऱ्यांवर क्वीन बी नावाचं बिनवैमानिकाचं विमानही वापरलं जाई. टायगर मॉथच्या कुळातलं ते दुपंखी विमान जमिनीवरून रेडिओने चालवलं जाई. १९३५पासून अशी जवळपास ४०० विमानं बांधली गेली.

या सगळ्या खटाटोपाचं मोल एका आकड्यात दिसतं. १९४०च्या सप्टेंबरात लंडनवर रात्रीचे हल्ले सुरू झाले, तेव्हा एक शत्रूविमान पाडायला सरासरी वीस हजारांच्या घरात गोळे खर्ची पडत होते. पुढच्या काही महिन्यांत तो आकडा काही हजारांवर आला. त्यात रडारचा वाटा मोठा, पण रडारवरचे आकडे वाचून त्याबरहुकूम तोफ फिरवणारी माणसं तयार झाली ती अशा किनाऱ्यांवर.

आणि यांत फक्त पुरुष नव्हते. १९४१पासून ब्रिटनच्या विमानविरोधी दलात मिश्र तुकड्या उभ्या राहिल्या. या दलाचे प्रमुख जनरल सर फ्रेडरिक पाईल यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. स्त्रिया प्रेडिक्टर चालवत, उंची मोजत, रडार सांभाळत. तोफ भरायचं आणि डागायचं काम मात्र नियमाने पुरुषांकडे राहिलं. १९४३पर्यंत या दलात ५० हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. लढाऊ तुकडीत स्त्री-पुरुषांनी खांद्याला खांदा लावून काम करण्याचा ब्रिटिश सैन्याचा हा पहिला मोठा अनुभव होता, आणि त्यांची तालीम किनाऱ्यावरच्या सराव-छावण्यांत होत होती. वारशाच्या फलकांवर तोफेची जात आणि नळीचा व्यास हमखास असतो. प्रेडिक्टरची चाकं फिरवणाऱ्या वीस वर्षांच्या मुली मात्र क्वचित असतात.

रिकाम्या बराकी

युद्धानंतरही सक्तीच्या लष्करी सेवेतले तरुण टॉनव्हनायला येत राहिले. मात्र जेट विमानं आणि क्षेपणास्त्रं आल्यावर तोफांचं महत्त्व ओसरलं, आणि १९५५मध्ये ब्रिटनने स्वतंत्र विमानविरोधी दलच बंद केलं. १९५९पासून १९६६पर्यंत इथे ज्युनियर लीडर्सची रेजिमेंट होती. पुढे सैन्यात हवालदार वगैरे होतील अशा किशोरवयीन मुलांचं ते शिक्षण. त्यानंतर छावणी रिकामी झाली.

१९७२

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांनी ९० दिवसांत देश सोडावा असं जाहीर केलं. यांतल्या अनेकांची तिसरी पिढी तिथे जन्मली होती. ब्रिटिश पासपोर्ट असलेले सुमारे २८ हजार जण ब्रिटनला आले. इतरांना कॅनडा, भारत आणि युरोपातल्या देशांनी घेतलं. ब्रिटिश सरकारने युगांडा पुनर्वसन मंडळ नेमलं आणि देशभर १६ तात्पुरत्या छावण्या उघडल्या. एवढी माणसं इतक्या कमी वेळात ठेवायची तर रिकाम्या बराकी असलेल्या जागाच सोयीच्या. त्यामुळे सफोकमधलं स्ट्रॅडिशॉल, बर्कशरमधलं ग्रीनम कॉमन, केंटमधलं वेस्ट मॉलिंग अशी हवाई दलाची आणि सैन्याची जुनी ठाणी वापरात आली. आणि वेल्समधलं टॉनव्हनाय.

हजाराहून अधिक माणसं इथे येऊन राहिली. युगांडाची राजधानी कंपाला विषुववृत्ताजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षभर पंचविशीच्या आसपासचं तापमान असतं. तिथून निघालेल्या माणसांना हिवाळ्याच्या तोंडावर अशा किनाऱ्यावर आणलं, जिथे वारा थेट आयर्लंडच्या समुद्रावरून येतो आणि मध्ये अडवायला काही नाही. दुकानं, घरं, बँकेतले पैसे सगळं मागे राहिलेलं. सोबत न्यायला कुटुंबामागे ५० पौंडांच्या आसपासच रक्कम दिलेली. दिवाळी त्यांच्यापैकी अनेकांनी सैन्याच्या बराकीतच काढली असणार.

पण टॉनव्हनायची आठवण सांगणारे लोक थंडीइतकंच आणखी एक सांगतात: टविनच्या लोकांची माया. तो प्रदेश वेल्श बोलणारा. गाव लहान, परक्यांची फारशी सवय नसलेलं. तिथल्या बायका, चर्चची मंडळी, शिक्षक आणि स्वयंसेवक मदतीला आले. गरम कपडे गोळा झाले, मुलांच्या शिकण्याची व्यवस्था झाली. त्याच सुमारास लेस्टर शहराच्या नगरपालिकेने कंपालातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन युगांडातल्या आशियाईंना आमच्या शहरात येऊ नका असं सांगितलं होतं. पुनर्वसन मंडळाने देशाचे दोन भाग पाडले होते: जिथे आधीच आशियाई वस्ती जास्त आहे ते लाल, आणि जिथे जायला हरकत नाही ते हिरवे. टविनच्या लोकांनी या लाल-हिरव्या नकाशाची वाट पाहिली नाही. ही माया वारसा नाही का? तिला भिंत नाही, नळीचा व्यास नाही, म्हणून ती कुठल्या यादीत बसत नाही एवढंच.

साधारण सहा महिन्यांत कुटुंबं पांगली. काम आणि नातेवाईक जिथे, तिथे गेली. पुष्कळ जण अखेर लेस्टरलाच पोचले आणि आज ते शहर या समाजाचा अभिमानाने उल्लेख करतं. टॉनव्हनाय पुन्हा रिकामं झालं आणि यावेळी कायमचं. पुढे बराच भाग पाडला गेला आणि उरलेलं पडत गेलं. गेली काही दशकं इथल्या जुन्या रस्त्यांवर मोटरसायकलींच्या शर्यती होतात.

इतर जागांचं काय झालं

टॉनव्हनायचं वेगळेपण कळायला दोन रांगांतल्या बहिणी पाहाव्या लागतात.

पहिली रांग तोफांची. वेबर्नची छावणी १९५०च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली आणि १९८८पासून तिथे मकलबरो हा खासगी लष्करी संग्रह आहे: रणगाडे, तोफा, वाहनं. तिथून जवळच लँगम इथे एक काँक्रीटचा घुमट उभा आहे. युद्धकाळात त्याच्या आतल्या गोल भिंतीवर हल्ला करणाऱ्या विमानाची फिल्म सोडून गोलंदाजांना नेम शिकवत. गोळा न उडवता, हवामान कसंही असताना शिकवायची ही युक्ती. असे घुमट देशभर काही डझन बांधले होते, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. लँगमच्या घुमटाला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला, स्थानिक न्यासाने दुरुस्ती केली आणि आज तिथे संग्रहालय आहे. मॅनोर्बीरला तर अजूनही सैन्याचा हवाई संरक्षणाचा सराव चालतो. म्हणजे एका जागेचा संग्रह झाला, एकीचं स्मारक झालं, एक अजून नोकरीत आहे.

दुसरी रांग १९७२च्या छावण्यांची. स्ट्रॅडिशॉलच्या जागेवर तुरुंग आहे. ग्रीनम कॉमनला १९८०च्या दशकात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आली, त्यांच्याविरुद्ध स्त्रियांचा तळ बसला आणि तीच आठवण आता त्या नावाला चिकटली आहे. तिथे युगांडाच्या माणसांनी काढलेला हिवाळा त्याखाली पार दबून गेला. वेस्ट मॉलिंगच्या जागी नवी घरं आणि कार्यालयं. जमिनीला भाव आला की स्मृतीला जागा उरत नाही, हे लोकांना मुंबईच्या गिरण्यांवरून वेगळं सांगायला नको.

टॉनव्हनायला दोन्ही थर अजून एकाच जागी हाताला लागतात. याचं कारण अगदी साधं आहे: ही जमीन कुणाला नको होती. रस्त्याने दसन्नी नदी ओलांडायची तर आत ब्रिनक्रिगपर्यंत वळसा घालावा लागे. २०१३मध्ये नदीवर पायी पूल झाला, तेव्हा कुठे टविनहून किनाऱ्याने चालत येता येऊ लागलं. हा पूल वेल्सच्या किनारी पायवाटेचा भाग आहे. १४०० किलोमीटरची ती वाट २०१२मध्ये खुली झाली. आता दर उन्हाळ्यात चालणारे या भिंतींजवळून जातात. बहुतेकांना वाटतं, कुठलं तरी जुनं गोदाम असेल.

मग हा वारसा का धरला जात नाही

टविन हे वारशाला परकं गाव नाही, उलट आहे. टॅलिथलिन ही अरुंद मापाची रेल्वे इथूनच सुटते. १९५१मध्ये ती बंद पडण्याच्या बेतात असताना स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन चालवायला सुरुवात केली, आणि स्वयंसेवकांनी वाचवलेली ती जगातली पहिली रेल्वे ठरली. गावातल्या सेंट कॅडव्हनच्या चर्चमध्ये वेल्श भाषेतला सर्वांत जुना समजला जाणारा कोरीव लेख आहे. जिथे हजार वर्षांपूर्वीचा दगड आणि वाफेचं इंजिन दोन्ही जिवापाड जपलं जातं, तिथून चार-पाच किलोमीटरवरच्या छावणीकडे दुर्लक्ष होतं, तेव्हा त्याचं कारण निष्काळजीपणा नसतं.

एक कारण वेल्सच्या मनात आहे. कार्डिगनच्या उपसागराच्या उत्तरेला लीन द्वीपकल्पावर पेनअबेर्थ नावाची जुनी वाडी पाडून सरकारने हवाई दलाची बॉम्बफेक-शाळा काढायला घेतली होती. ८ सप्टेंबर १९३६ रोजी सॉन्डर्स लुईस, लुईस व्हॅलेंटाईन आणि डी. जे. विल्यम्स या तीन वेल्श राष्ट्रवाद्यांनी तिथल्या बांधकामाला आग लावली आणि स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं. वेल्समधल्या ज्युरीचं एकमत झालं नाही, म्हणून खटला लंडनला हलवला गेला आणि तिघांना नऊ महिन्यांची कैद झाली. वेल्श राष्ट्रीय चळवळीतला हा कळीचा क्षण. १९४०मध्ये एपिंटच्या डोंगराळ भागातली दोनशेहून अधिक माणसं घराबाहेर काढून तिथे सैन्याचं सराव-क्षेत्र केलं गेलं, ते आजही चालू आहे. अशा भूमीत लष्करी छावणी म्हणजे आपला अभिमान, असं सहज कुणी म्हणत नाही. आणि म्हणू नये, असंही मला वाटतं. वारसा म्हणजे फक्त मिरवण्याची गोष्ट असं धरलं की असल्या जागा आपोआप बाहेर पडतात.

दुसरं कारण सरावाच्या स्वरूपात आहे. इथे लढाई झाली नाही. विजयाची तारीख नाही, पाडलेल्या विमानांची यादी नाही, हुतात्म्यांचा स्तंभ उभारावा असा प्रसंग नाही. इथे हजारो माणसं काही आठवडे येऊन शिकली आणि निघून गेली. १९९५ ते २००२ या काळात स्वयंसेवकांच्या मदतीने ब्रिटनभरच्या विसाव्या शतकातल्या संरक्षण-बांधकामांची मोठी नोंदणी झाली आणि सुमारे २० हजार जागा कागदावर आल्या. पण नोंद होणं आणि आठवलं जाणं यांत अंतर राहतंच. तीच गत १९७२ची. निर्वासित-छावणी मुळातच निघून जाण्यासाठी असते. तिथून बाहेर पडणं हीच चांगली बातमी. मग ती जपायला मागे कोण राहणार?

आपल्याकडची दोन उदाहरणं

मला इथे उल्हासनगर आठवतं. युद्धकाळात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्याच बराकींत ठेवलं गेलं आणि १९४९मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. आज लाखोंचं शहर आहे. लोकलमधून उतरलेला माणूस रिक्षावाल्याला अजूनही 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतो. तिथे लोक राहिले, त्यामुळे छावणीचा पत्ता जिवंत राहिला, बराकी मात्र जवळजवळ संपल्या.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं उलटं झालं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, मुख्यतः बायका आणि मुलं. सोव्हिएत युनियनमध्ये हद्दपार होऊन तिथून सुटलेली ही माणसं कोल्हापूर संस्थानाच्या भूमीत आली. युद्धानंतर त्यांतले अनेक ब्रिटनला गेले. मागाहून तिथेही सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. पोलिश मंडळी परतली नाहीत, तरी नातं त्यांनी सोडलं नाही. म्हातारपणी ती कोल्हापूरला येत राहिली, आठवणी लिहून ठेवल्या, आणि २०१९मध्ये वळिवड्यात स्मारक उभं राहिलं. ते काम बराकींनी केलं नाही, माणसांनी केलं. (आणि योगायोग पाहा: ज्या पेनअबेर्थच्या जागी ती बॉम्बफेक-शाळा झाली, तिथेच १९४९पासून युद्धानंतर ब्रिटनमध्ये राहिलेल्या पोलिश लोकांचं गाव वसलं.)

टॉनव्हनायला वळिवड्याचाच रस्ता लागू पडतो. तिथे गाव वसणार नाही. पण १९७२मध्ये आठ-दहा वर्षांची असलेली मुलं आज साठीत आहेत आणि २०२२मध्ये या निर्वासनाला पन्नास वर्षं झाली तेव्हा ब्रिटनभर कार्यक्रम झाले. आठवण सांगायची इच्छा त्या समाजात आहे.

काय करावं

पडक्या बराकी दुरुस्त करून तिथे दुसरं वेबर्न उभारावं, असं मला वाटत नाही. त्या इमारती घाईने, स्वस्तात, काही वर्षं टिकाव्यात म्हणून बांधल्या होत्या. खारा वारा पन्नास वर्षं खात आल्यावर त्यांना सावरण्याचा खर्च मोठा आणि हाती येणार एक नवी इमारत, जुनी नव्हे. त्यांना पडू द्यावं. मात्र त्याआधी प्रत्येक चौथऱ्याचं मोजमाप, छायाचित्र आणि नकाशा व्हावा: जेवणघर कुठलं, तोफा मांडायची जागा कुठली, दारूगोळ्याची कोठारं कुठली, आणि १९७२मध्ये कुठल्या बराकीत कुटुंबं, कुठे मुलांचे वर्ग. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही लष्करी आराखड्यात मिळणार नाही. ते फक्त तिथे राहिलेल्यांना देता येईल.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. १९४२मध्ये इथे शिकलेला वीस वर्षांचा गोलंदाज आज हयात असेल तर शंभरी ओलांडलेला. त्याची साक्ष आता मुख्यतः पत्रांत आणि घरच्या अल्बममध्ये शोधावी लागेल. १९६५चे ज्युनियर लीडर पंचाहत्तरीच्या आसपास. १९७२मधली तिशीतली आई ऐंशी पार केलेली, आणि टविनमधली स्वयंपाकाची भांडी घेऊन आलेली बाईही त्याच वयाची. या शेवटच्या दोघींना एकत्र बसवून बोलतं करायला आणखी दहा वर्षं मिळतील असं धरून चालता येत नाही. आधी मुलाखती, मग मोजमाप, मग फलक. अनुदानाचे अर्ज नेमके उलट्या क्रमाने भरले जातात, कारण फलकाचं उद्घाटन करता येतं आणि मुलाखतीचं करता येत नाही.

फलक लावायचाच तर तो अवशेषांत नको. तिथे शर्यतींचं वेळापत्रक आणि पडायला आलेल्या भिंती आहेत. तो रेल्वे थांब्याच्या फलाटावर हवा. तोफखान्याचे जवान आणि ज्युनियर लीडर याच लोहमार्गाच्या आधाराने आले, आणि निर्वासितांच्या आठवणींतही हा फलाट आहे. मजकूर वेल्श, इंग्रजी आणि गुजरातीत असावा. तोफ आणि कुटुंब एकाच फलकावर, एकाच आकाराच्या अक्षरांत. दोन फलक लावले तर दहा वर्षांत लोक एकच वाचतील, आणि तो बहुधा तोफेचा असेल.

कागदांचंही तेच करायला हवं. युद्धकाळातल्या तुकड्यांच्या रोजनिशा आणि युगांडा पुनर्वसन मंडळाचे दस्तऐवज, दोन्ही लंडनजवळ केव इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एक युद्ध खात्याच्या मालिकेत, दुसरे गृह खात्याच्या. दोन्ही मागवून टॉनव्हनायच्या एकाच नकाशावर मांडायचं काम एखादा विद्यार्थी प्रबंधासाठी करू शकेल. लेस्टरच्या विद्यापीठांत असे विद्यार्थी आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या आज्या या छावणीत राहून गेल्या असण्याची शक्यता बरीच आहे.